गिअर का ओरडतो?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या गिअरबॉक्सवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. अंकासाठी लेख देते म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विचारलेसुद्धा, "कविता नाही का गं एखादी?" कविता मला येत नाही. मी लहानपणापासून जे पाहत आले ते गॅरेज. आजोबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते, बाबा तुर्भ्याला मोटार मिस्त्री आहेत, आणि कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिली. दर रविवारी बाबांचा डबा घेऊन मी गॅरेजवर जाते आणि डबा रिकामा होईपर्यंत तिथेच बसते. बाबा सातवीपर्यंत शिकले. पण गेल्या हिवाळ्यात एका जुन्या गाडीच्या बाबतीत त्यांनी ज्या रीतीने विचार केला, ती रीत मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्राच्या पुस्तकात वाचली होती. तिथे ती नुसती व्याख्या होती. गॅरेजमध्ये तिच्यावर एका गाडीचे असणे-नसणे अवलंबून होते.

प्रथम शब्दाचा खुलासा करते. गिअर बदलताना ‘खर्रर्र’ असा जो आवाज येतो, त्याला गॅरेजमध्ये ‘गिअर ओरडतो’ म्हणतात. ज्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, त्यांनीही जुन्या एस. टी. गाडीत बसून घाट चढताना तो ऐकला असेल. लोखंडाने लोखंड खरवडल्याचा तो आवाज ऐकला की मालकाच्या काळजात चर्र होते आणि काही मिस्त्रींचे डोळे चमकतात.

हा आवाज होतो तरी कशाने? इंजिन एका गतीने फिरत असते, चाके दुसऱ्या गतीने, आणि त्या दोघांचा हिशोब जुळवणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पायाने क्लच दाबला की इंजिनाचा संबंध सुटतो, पाय उचलला की पुन्हा जुळतो. गिअर टाकणे म्हणजे फिरणारे दोन दातेरी भाग एकमेकांत गुंतवणे. दोघांची गती सारखी असेल तर ते मुकाट्याने गुंततात. सारखी नसेल तर दातावर दात आपटतात आणि ओरडा होतो. तेव्हा ‘गिअर का ओरडतो’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘गती का जुळली नाही’ असा आहे. हे एकदा ध्यानात घेतले की निम्मा लेख वाचून झाला असे समजावे.

मोटारीच्या आरंभीच्या काळात गती जुळवण्याचे काम चालकालाच करावे लागे. क्लच दाबायचा, गिअर काढून न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, गिअर खालचा टाकायचा असेल तर ॲक्सिलरेटरला हलकासा दाब द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. याला आपल्याकडचे चालक ‘डबल क्लच’ म्हणतात. हे सगळे एका दमात, समोरची बैलगाडी चुकवून करायचे! १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने आपल्या गाड्यांत सिंक्रोमेश नावाची योजना आणली आणि हे ओझे चालकाच्या पायावरून उतरून गिअरबॉक्सच्या आतल्या रिंगांवर गेले. रिंग पितळी असते, आतून शंकूसारखी निमुळती आणि बारीक आट्यांची. दात गुंतण्याआधी ती गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांची गती एक करते आणि मगच दातांना वाट देते. धावती लोकल पकडणारा माणूस दांडा धरून चार पावले गाडीबरोबर धावतो आणि मग पाय उचलतो, तसेच हे आहे. (लोकल अशी पकडू नये. उदाहरण कळावे म्हणून दिले.) रिंगच्या आट्या झिजल्या की तिची पकड सुटते, चार पावले धावायला मिळत नाहीत आणि दात आपटतात.

आता काम किती अवघड असते ते आकड्यांत पाहू. ट्रायम्फ स्पिटफायर या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गिअरबॉक्सचे तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.३९ आणि दुसऱ्याचे २.१६ होते. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल आणि त्याच वेगात दुसरा गिअर टाकायचा असेल, तर गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याला सुमारे ३१०० फेऱ्यांपर्यंत चढावे लागते. म्हणजे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्या दांड्याला आणि त्याच्यासोबत क्लचच्या प्लेटला दीडपटीहून अधिक गती द्यायची, आणि ती कोणी द्यायची, तर बांगडीएवढ्या पितळी रिंगने. म्हणून झीज बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरच्या रिंगपासून सुरू होते आणि ती आधी कळते ती वरून खाली येताना.

स्पिटफायरचे नाव मी उगाच घेतले नाही. बाबांच्या गॅरेजमध्ये जी गाडी आली ती स्टँडर्ड हेरल्ड होती. आजच्या पिढीला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड निघाली. तिचा आराखडा इटलीच्या जिओव्हान्नी मिकेलोत्ती यांचा. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी तीच गाडी स्टँडर्ड हेरल्ड या नावाने आपल्याकडे बनवू लागली. पुढे चार दारांची हेरल्डही निघाली. ती केवळ भारतातच झाली, इंग्लंडात ती कधी बनलीच नाही. तिकडे १९६२ साली त्याच हेरल्डची चौकट आखूड करून, तिच्यावर दोन आसनांची उघडी, देखणी काया चढवून स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढण्यात आली. तिचाही आराखडा मिकेलोत्तींचाच. गिअरबॉक्स मुळात एकाच घराण्याचा: चार गिअर, त्यांपैकी वरच्या तिघांना सिंक्रोमेश, पहिल्याला नाही. रिव्हर्सला तर नव्हताच. स्पिटफायरच्या पहिल्या गिअरला ही सोय १९७० च्या सुमारास, तिच्या चौथ्या आवृत्तीत मिळाली. म्हणजे साठच्या दशकात मुंबईच्या एखाद्या डॉक्टरची किंवा वकिलाची हेरल्ड दवाखान्या-कोर्टाच्या वाऱ्या करीत होती, तेव्हा तिच्या पोटात स्पोर्ट्स कारचे आतडे होते! बाबांना हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच नाजूक आहे."

आमच्याकडे आलेली हेरल्ड नेरूळच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांची. त्यांच्या वडिलांनी ती नवी घेतली होती. तक्रार अशी की उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स टाकताना भयंकर ओरडा होतो आणि चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना तोच प्रकार. त्यांनी आधी ज्या मिस्त्रीला दाखवले त्याने दोनदा गिअर टाकून पाहिले आणि ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल दिला. दुसरा गिअरबॉक्स मिळवणे, तो बसवणे, आणि तोही जुनाच असणार, हा खर्च ऐकून त्यांच्या मुलाने भंगारवाल्याशी बोलणी सुरू केली होती. जुन्या खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, तीही मुदत जवळ आली होती. मुलाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. गृहस्थ बाबांना म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीही गेलाच म्हणालात तर मी ऐकेन."

बाबा मोटारकाम शिकले ते कुर्ल्याला, टॅक्सींच्या गॅरेजात. फियाट ११०० आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी ही गाडी कुर्ल्याच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत असे. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पद्मिनीच्याही पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. शिवाय तिचा गिअर स्टिअरिंगपाशी होता. तिथून गिअरबॉक्सपर्यंत दांडे आणि सांधे गेलेले असत. सांध्यांचे बुश झिजले की गिअर अर्धवट पडे आणि ओरडे. गिअरबॉक्स आतून ठणठणीत, आणि दोष बाहेरच्या चार-आठ आण्यांच्या बुशाचा! उस्तादाने बाबांना पहिला धडा दिला तो हाच: पाना हातात घ्यायच्या आधी आवाज केव्हा होतो ते विचार. आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, सगळे लोखंड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे तो भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. पण केव्हा येतो, हे मात्र लपत नाही.

बाबांचा तर उजवा कान पत्र्यावरच्या हातोड्यांनी बराच गेला आहे. ते गिअरच्या दांड्यावर दोन बोटे ठेवून ओरडा ओळखतात. रिंग घसरत असेल तर बोटांना बारीक झिणझिण्या येतात, उघडे दात आपटत असतील तर धक्का बसतो, असे ते सांगतात. मीही बोटे ठेवून पाहिली. फरक आहे.

तर त्या रविवारी बाबा हेरल्डमध्ये बसले. प्रथम इंजिन बंद ठेवून त्यांनी चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. सगळे लोण्यासारखे पडले. म्हणजे आतले काटे, दांडे वाकलेले नाहीत. मग इंजिन सुरू केले, क्लच तळापर्यंत दाबला आणि मला म्हणाले, "पोरी, दहा मोज." मी दहा मोजले. त्यांनी रिव्हर्स टाकला. खर्रर्र! पुन्हा क्लच दाबून वीस मोजायला लावले. तरीही खर्रर्र.

ही चाचणी का, ते सांगते. क्लच नीट सुटला तर गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा इंजिनापासून वेगळा होतो आणि आतल्या तेलाच्या ओढीने काही सेकंदांत आपोआप थांबतो. थांबलेल्या दातांत रिव्हर्सचे दात घातले तर ओरडायचे कारणच उरत नाही. घाईने टाकला आणि ओरडला, पण थोडे थांबून टाकल्यावर ओरडला नाही, तर तो दोष गाडीचा नव्हे, घाईचा. (अशा गाडीत आधी क्षणभर दुसरा गिअर लावायचा. त्याची पितळी रिंग दांड्याला धरून थांबवते. मग पहिला टाकायचा. जुने टॅक्सीवाले हे न सांगता करीत.) पण वीस मोजूनही ओरडतो याचा अर्थ दांडा थांबतच नाही, कोणीतरी त्याला फिरवते आहे. आणि क्लच दाबलेला असताना फिरवणारे इंजिनाशिवाय दुसरे कोण? म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. रिव्हर्सला आणि पहिल्याला रिंगच नाही, तेव्हा त्यांच्या ओरडण्याचा दोष रिंगला देता येत नाही. गिअरबॉक्स गेला म्हणणाऱ्याने एवढा विचार केला असता तर बरे झाले असते. असो.

यानंतर बाबांनी जे केले ते पाहून मला तर्कशास्त्राचे पुस्तक आठवले. त्यांनी क्लचचे पेडल तीन वेळा भराभर दाबून सोडले, चौथ्यांदा दाबून धरले आणि रिव्हर्स टाकला. आवाज नाही! पुन्हा एकदाच दाबून टाकला. ओरडा. पुन्हा तीनदा दाबून. शांत. इंजिन तेच, गिअर तोच, तेल तेच, बदलली ती एकच गोष्ट, आणि परिणाम बदलला. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश तत्त्वज्ञाने १८४३ साली कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांतली ही व्यतिरेक पद्धती. दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे आणि एकाच बाबतीत वेगळे असतील, तर परिणामाचे कारण त्या एका बाबीत शोधावे. आपल्याकडच्या नैयायिकांना अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द फार पूर्वीपासून परिचित आहेत. बाबांना दोन्ही ठाऊक नाहीत. ते म्हणतात, "एका वेळी एकच हलवायचं, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही."

भराभर दाबल्याने काय होते? हेरल्डचा क्लच तारेवर चालत नाही, तेलावर चालतो. पेडलपाशी एक सिलिंडर, गिअरबॉक्सच्या कडेला दुसरा, आणि मधे नळी. वर पेडल दाबले की तेल खालच्या सिलिंडरमधला दांडा ढकलते आणि तो क्लच सोडवतो. तेलात हवा शिरली किंवा रबरी सील गळू लागले की पेडल खाली जाते, पण दांडा पुरता सरकत नाही. भराभर दाबले की तेल साठून तात्पुरते काम होते. दोष या नळीच्या दोन टोकांमध्ये कुठेतरी आहे एवढे आता नक्की झाले.

एवढे झाल्यावरही बाबांनी लगेच सिलिंडर खोलला नाही. क्लच न सुटण्याची इतरही कारणे असतात आणि ती फुकटात पाहता येतात. पेडलखाली त्या गृहस्थांनी जाड काथ्याची चटई टाकली होती. ती उचलल्याबरोबर पेडलला बोटभर वाट अधिक मिळाली! पेडलला सिलिंडरचा दांडा जोडणारी पिन बाबांनी हलवून पाहिली. तिचे भोक झिजून लंबगोल होते आणि तेवढी चाल वाया जाते. ती ठीक होती. मग मला पेडल दाबायला बसवून स्वतः बॉनेटकडे गेले. हेरल्डचा सगळा पुढचा भागच नाकापासून उघडतो, इंजिन ताटात वाढल्यासारखे दिसते. ते पाहत होते इंजिनाच्या पुढची पुली. या घराण्याच्या इंजिनांचे एक ठरलेले दुखणे आहे. क्लच दाबल्यावर क्रँकशाफ्टवर पुढच्या दिशेने जोर येतो, आणि त्याला रोखायला अर्धचंद्रासारखे दोन पातळ वॉशर असतात. ते झिजले की अख्खा क्रँकशाफ्टच पुढे सरकतो, क्लचची चाल तिथेच जिरते, आणि गिअर ओरडतो. वॉशर निखळून पडले तर इंजिनाचाच निकाल लागतो. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढे आली तर गाडी जागची हलवू नये, हे हेरल्ड किंवा स्पिटफायर बाळगणाऱ्याने पाठ करून ठेवावे. इथे पुली हलली नाही. बाबा हसले.

मग गाडी उचलून खालच्या सिलिंडरची रबरी टोपी मागे सारली. आत ओलसर. तेल गळत होते. दांड्याची चाल पट्टी धरून मोजली, ती हवी त्याच्या जेमतेम निम्मी भरली. खारघर ते वाशीपर्यंत खाडीकाठची आपली हवा अशा गाड्यांना वाईट. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते, पाण्याने आतून गंज धरतो आणि गंजाने सील कापले जाते. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर याहून वाईट घडते. क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटून बसते आणि मग कितीही दाबा, क्लच सुटतच नाही. चतुर्थीच्या सुमारास तुर्भ्याच्या गॅरेजांत अशा गाड्या ओढून आणलेल्या दिसतात.

नवे सील बसवून, तेल बदलून, नळीतली हवा काढायला एक दुपार गेली. हवा काढणे हे दोघांचे काम. एकाने ‘दाब’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘दाबला’ म्हणायचे. दुसरी मी. संध्याकाळी इंजिन चालू ठेवून बाबांनी रिव्हर्स टाकला, पहिला टाकला. कुठे हूं की चूं नाही. ‘गेलेला’ गिअरबॉक्स जागचा हललासुद्धा नव्हता.

पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतानाचा ओरडा राहिलाच होता. त्यासाठी बाबा गाडी बेलापूरला पारसिक टेकडीच्या चढावर घेऊन गेले. मी शेजारी बसले. चढावर तिसऱ्यातून दुसरा टाकला की बारीक खर्र. पुढच्या वळणावर त्यांनी डबल क्लच केला, म्हणजे रिंगचे काम पायाने केले, आणि गिअर गुपचूप पडला. क्लचचा दोष वजा केल्यावर जे शिल्लक राहिले ते रिंगचे, आणि तेही एकट्या दुसऱ्या गिअरच्या रिंगचे, कारण तिसरा आणि चौथा कधीच ओरडत नव्हते. मिलने हिला अवशेष पद्धती म्हटले आहे. कळलेल्या कारणांचा वाटा वजा करा, उरलेले कार्य उरलेल्या कारणाचे. मालकाने मात्र दोन्ही आवाज मिळून एकच दुखणे मानले होते, आणि आधीच्या मिस्त्रीने त्या एका दुखण्याला एकच मोठे औषध लिहून दिले होते. दोन लहान दुखणी एकत्र आली की ती एका मोठ्या दुखण्यासारखी दिसतात.

इथे गिअरबॉक्समधल्या इतर आवाजांबद्दलही थोडे सांगून टाकते, कारण ओरडणे आणि कण्हणे यांत लोक गल्लत करतात. ओरडा गिअर पडताना होतो. कण्हणे गिअर पडल्यानंतर चालू राहते. न्यूट्रलमध्ये, क्लच न दाबता गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्समधले बेअरिंग पाहावे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो तर क्लचचे रिलीज बेअरिंग. पहिला, दुसरा, तिसरा कण्हतात पण टॉप गिअर शांत असतो, तर खालच्या काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा, कारण हेरल्डच्या जातीच्या गिअरबॉक्समध्ये टॉपला जोर सरळ आरपार जातो, खालच्या शाफ्टला फिरूनही भार नसतो. पहिला गिअर आणि रिव्हर्स कण्हतात हे तर त्यांचे जन्मजात. त्यांचे दात सरळ कापलेले असतात. तो रोग नव्हे. गिअर पडून पुन्हा बाहेर उडी मारत असेल तर ती निराळीच कहाणी, तिच्यात शिरत नाही.

तेलाची गोष्ट मात्र टाळता येत नाही. बाबांनी गिअरबॉक्सचे तेल काढून वर्तमानपत्रावर ओतले आणि उन्हात धरले. त्यात सोनेरी चमकी होती, रांगोळीत मिसळतात तशी. ती पितळाची, म्हणजे रिंगेची झीज. लोखंडाचे तुकडे असते तर ते लोहचुंबकाला चिकटले असते. एकही चिकटला नाही, म्हणजे दात शाबूत. तेल कोणते घातले होते ते मालकांना ठाऊक नव्हते. हल्ली गॅरेजांत मागच्या ॲक्सलसाठी असलेले जीएल-५ जातीचे तेल सरसकट ओतले जाते. दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी त्यात गंधकयुक्त द्रव्ये अधिक घातलेली असतात. ती पितळेला मानवत नाहीत, आणि जास्त निसरड्या तेलात रिंगला पकड घेता येत नाही. धावती लोकल पकडणाऱ्याच्या हाताला तेल लावल्यासारखे ते होते. जुन्या पितळी रिंगांच्या गिअरबॉक्सला जीएल-४ जातीचे तेल घालावे. बाबांनी तेच घातले. दुसऱ्या गिअरचा आवाज त्याने थोडा सौम्य झाला, गेला नाही. झिजलेल्या आट्या तेल भरून देत नाही.

राहिला प्रश्न गिअरबॉक्स उघडायचा की नाही. हेरल्डचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून निघतो. पुढची आसने आणि मधले आच्छादन काढले की तो दोन माणसांच्या हातांनी उचलून बाहेर घेता येतो. तेव्हा काम अशक्य नाही. पण आत साठ वर्षे एकमेकांच्या सवयीने झिजलेले भाग आहेत. बाबांचे मत असे की, रिंग एक बदलायची म्हणून उघडले की बेअरिंगही बदलावेसे वाटते, काउंटर शाफ्टही, आणि नव्या-जुन्याचे जमेलच असे नाही. मला हे सुरुवातीला थोडे भित्रेपणाचे वाटले, आणि मी तसे म्हटलेही. ते म्हणाले, "गाडी चालतेय, माणूस चालवायला शिकू शकतो. मग आधी माणूस दुरुस्त करू." शेवटी निर्णय मालकांवर सोपवला. त्यांनी मुलाला शेजारी बसवून बाबांकडून दोन रविवार सकाळी पाम बीच रोडवर, गर्दी व्हायच्या आत, डबल क्लचची शिकवणी घेतली. वयाच्या सत्तरीत! दुसऱ्या रविवारी मुलानेही स्टिअरिंग धरले. त्यानंतर भंगाराचा विषय निघाल्याचे मी ऐकले नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाचे कागद मुलगाच करतो आहे.

दुसऱ्या गिअरच्या रिंगा त्यांनी इंग्लंडहून मागवून घेतल्या. स्पिटफायरचे उत्पादन १९८० मध्ये थांबले, तरी तिच्या हौशी मालकांमुळे तिचे सुटे भाग तिकडे अजून मिळतात, आणि घराणे एक असल्यामुळे मद्रासच्या हेरल्डलाही त्याचा लाभ होतो. मागवण्यापूर्वी आवृत्ती आणि गिअरबॉक्सचा क्रमांक जुळवून घ्यावा लागतो. ते काम इंग्रजी वाचता येते म्हणून माझ्याकडे आले. रिंगा आता बाबांच्या कपाटात तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. पावसाळ्याआधी बघू, असे बाबा म्हणतात. तोवर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना त्या गृहस्थांचा डावा पाय दोनदा खाली जातो.